पावसाच्या नोंदी आणि गावचा नकाशा : संगणकातील वेगवेगळे वाफे

चिपळूण तालुक्यातील अलोरे हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचे ३२० मेगावॅट क्षमतेचे वीजगृह येथेच आहे. पोफळीच्या वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी कोळकेवाडी धरणात साठते, तेथून ते अलोरे येथील यंत्रांवर येते आणि वीज देऊन झाल्यावर वाशिष्ठीच्या खोऱ्यात उतरते. मुळात पूर्वेस कृष्णेकडे वाहून जाणारे हे कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात येते. त्यामुळे वाशिष्ठीकाठच्या शेतकऱ्यास आभाळातून पडणारे आणि वरून सोडलेले अशा दोन पाण्यांकडे लक्ष ठेवावे लागते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीस महापूर आला आणि खाली चिपळूण शहरात पाणी शिरले, तो दिवस या खोऱ्यातील कोणीही विसरलेला नाही.

अशा दिवसानंतर गावपातळीवरील कार्यकर्त्यापुढे दोन प्रकारची माहिती येऊन पडते. एक म्हणजे आकडे : कोणत्या महसूल मंडळात कोणत्या दिवशी किती मिलिमीटर पाऊस झाला, त्याचे तक्ते. दुसरी म्हणजे नकाशा : गावाची शीव, नदीचे पात्र, काठाची खाचरे, वरची वरकस जमीन. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे धरले जाते. पण मंडळ मोठे असते, आणि पाणी साचते ते एखाद्या सखल खाचरात. यास्तव तक्ता आणि नकाशा हे दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहिल्याखेरीज पंचनाम्यासाठी प्रथम कोठे जावे हे उमगत नाही. मदत पंचनाम्यावरून ठरते, नकाशावरून नव्हे, हे खरे. तथापि नकाशा चुकला तर पंचनामा करणारा माणूस चुकीच्या वाडीत जातो, आणि ज्याचे भात कुजले तो वाट पाहत राहतो.

हे काम संगणकावर करण्यासाठी पायथन नावाची आज्ञावलीची भाषा अलीकडे सर्वत्र वापरात आहे. ती विनामूल्य आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मधील फॉसी प्रकल्पाने या भाषेचे शिक्षणसाहित्यही मोफत उपलब्ध करून दिले आहे. पायथन स्वतः लहान असते. तिच्यासोबत निरनिराळ्या कामांसाठी लोकांनी तयार केलेल्या हत्यारांच्या पेट्या मिळतात, त्यांस लायब्ररी म्हणतात. तक्त्यांच्या कामास पँडास ही पेटी लागते. नकाशाच्या कामास जिओपँडास, शेपली, पायप्रोज, रास्टेरिओ अशा पेट्या लागतात. तक्त्याची पेटी एकटी असता कधी कुरकुरत नाही. नकाशाच्या पेट्या तिच्या शेजारी आणून ठेवल्या की खटके उडू लागतात. ते कशामुळे उडतात आणि कसे टाळावेत, हे या लेखात सांगितले आहे.

नकाशाची हत्यारे वेगळ्या घडणीची

जिओपँडास ही वरवर एकच पेटी दिसते. आत पाहिले तर ती तीन थोरल्या हत्यारांवर उभी आहे. पहिले प्रोज : पृथ्वीच्या गोल पाठीवरील अक्षांश-रेखांश सपाट कागदावरील मीटरांत आणणे हे याचे काम. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील जेराल्ड इव्हेंडेन यांनी ते प्रथम रचले. दुसरे जीडीएएल : निरनिराळ्या जातींच्या नकाशा-फायली आणि उपग्रहाची चित्रे उघडणारे. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ साली त्याचा आरंभ केला. तिसरे जिऑस : शीव कोठे शिवेस छेदते, खाचराचा कोणता भाग पूररेषेच्या आत येतो, ही भूमिती सोडविणारे.

ही तिन्ही पायथनमध्ये लिहिलेली नाहीत. ती सी आणि सी++ या भाषांत लिहून यंत्राच्या भाषेत उतरविलेली आहेत, आणि पायथनमधील पेट्या त्यांना केवळ हाक मारतात. अडचण इथून सुरू होते. पिप या नेहमीच्या साधनाने एकेक पेटी स्वतंत्रपणे बसविली, तर पुष्कळदा प्रत्येक पेटी आपापले प्रोज वा जीडीएएल सोबत घेऊन येते. एकाच घरात तीन जणांनी तीन निरनिराळी मापे आणावीत, एकाने जुनी पायली, दुसऱ्याने नवा किलो, तिसऱ्याने पौंड, आणि कोणी कोणते माप वापरले याची नोंद नसावी, तसा प्रकार होतो.

त्यात पुन्हा संगणकावर आधीपासून दुसरे एखादे नकाशाचे सॉफ्टवेअर असेल, तर विंडोज संगणकात ते कधीकधी आपल्या प्रोजच्या माहितीकोशाचा पत्ता सर्वांसाठी म्हणून लिहून ठेवते. नवे पायप्रोज तो पत्ता पाहून जुन्याच कोशाकडे जाते, आणि कोश उघडत नाही किंवा त्याची रचना जुळत नाही अशी तक्रार करते. तक्रार वाचून माणूस आपल्या प्रोग्राममध्ये दोष शोधीत बसतो. दोष असतो शेजाऱ्याच्या पत्त्यात.

कलमकाडी आणि खुंट

कोकणच्या बागायतदारास हे निराळ्या तऱ्हेने सांगता येईल. हापूसची काडी कितीही उत्तम असली तरी खुंट तिला मानवला पाहिजे. पँडास आणि जिओपँडास या दोन्ही काड्या नमपाय नावाच्या एकाच खुंटावर बांधलेल्या आहेत. आकड्यांची सारी मोजदाद हा खुंट करतो. १६ जून २०२४ रोजी नमपायची दुसरी मोठी आवृत्ती बाहेर पडली. कोकणात त्या वेळी पावसाळा नुकता सुरू झालेला होता. जुन्या खुंटासाठी यंत्रभाषेत उतरविलेल्या पेट्या या नव्या खुंटावर चालत नव्हत्या. ज्यांनी त्या आठवड्यात सहज म्हणून सर्व काही अद्ययावत करून घेतले, त्यांपैकी अनेकांचे कालपर्यंत चालणारे प्रोग्राम आज उघडेनात. त्याच महिन्यात जिओपँडासचीही पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि तिच्यातून सरावासाठी सोबत दिला जाणारा जगाचा नकाशा काढून टाकण्यात आला. पुस्तकात पाहून धडा गिरविणाऱ्यांस पहिल्याच ओळीवर अडखळावे लागले. तत्पूर्वी डिसेंबर २०२२ मध्ये शेपलीच्या दुसऱ्या आवृत्तीने अनेक तुकड्यांनी बनलेल्या आकृती हाताळण्याची रीत बदलली होती.

यात कोणाचा दोष नाही. हत्यारे सुधारत असतात, आणि सुधारावीतही. पण भर पावसाळ्यात खुंट बदलू नये, एवढी समज शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही; ती संगणकावर बसणाऱ्यास मात्र पुष्कळदा शिकवावी लागते.

न दिसणारी चूक

प्रोग्राम बंद पडला तर निदान कळते. खरी भीती निराळी आहे. जुळणी बिघडलेली असताना कधीकधी काहीही बंद पडत नाही. नकाशा निघतो, रंग भरलेला असतो, आणि तो चुकीचा असतो.

अलोरे हे गाव सुमारे १७.५ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.६ अंश पूर्व रेखांश यांवर आहे. २०१९ साली प्रोज आणि जीडीएएल यांच्या ज्या मोठ्या आवृत्त्या आल्या, त्यांनी जागतिक अक्षांश-रेखांश पद्धतीत आधी अक्षांश व मग रेखांश हा अधिकृत क्रम पाळण्यास सुरुवात केली. त्यापूर्वी लिहिलेल्या बहुतेक प्रोग्रामांत आधी रेखांश दिलेला असे. जुना प्रोग्राम नव्या आवृत्तीवर तसाच चालविला तर ७३.६ हा अक्षांश समजला जातो, आणि अलोरे नॉर्वेच्या उत्तरेकडील थंड समुद्रात जाऊन पडते. एवढी मोठी चूक डोळ्यांना दिसते आणि तिच्यावर हसता तरी येते.

लहान चुकीवर हसता येत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट या गोलकाच्या मापावर काढलेले आहेत. मोबाईलमधील जी. पी. एस., आणि म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतील छायाचित्रांचे स्थान, हे डब्ल्यूजीएस ८४ या मापावर असते. या दोन मापांतील फरक आपल्या भागात शंभर मीटरांहून अधिक भरतो. प्रोजला आपला माहितीकोश नीट मिळाला तर तो हा फरक भरून काढतो. कोशात योग्य रूपांतर सापडले नाही, तर काही वेळा तो कामचलाऊ रूपांतर करतो, म्हणजे हा फरक सोडूनच देतो, आणि त्याविषयी चकार शब्द काढत नाही. शंभर मीटर लांब व शंभर मीटर रुंद जमीन म्हणजे एक हेक्टर. कोकणातील खाचरे गुंठ्यांवर मोजली जातात. तेव्हा शंभर मीटरांच्या सरकण्याने एका शेतकऱ्याचे खाचर दुसऱ्याच्या बांधापलीकडे, कदाचित वहाळाच्या पलीकडेही जाऊन बसते. पूररेषेच्या आत असलेला शेतकरी यादीबाहेर राहतो आणि वरच्या अंगाचा आत येतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुन्या नकाशावरून उतरविलेल्या फाईलला कोणी चुकून नव्या मापाचे नाव दिले असेल, तर तो दोष माणसाचा आहे. उत्तम जुळणीही त्यास काही करू शकणार नाही. फाईल कोणत्या मापाची आहे हे आधी विचारून घ्यावे आणि मगच यंत्रास दोष द्यावा.

वाफा वेगळा कशासाठी?

हळव्या आणि गरव्या भाताचे बी कोणी एकाच वाफ्यात टाकीत नाही. रोपे वर आल्यावर ती ओळखू येत नाहीत; भेसळ कळते ती पीक पिकताना, तेव्हा उपाय उरलेला नसतो. संगणकातही हाच नियम लावावा. प्रत्येक कामासाठी पायथनचा एक स्वतंत्र वाफा तयार करता येतो. त्यास एन्व्हायरन्मेंट असे म्हणतात. एका वाफ्यातील पेट्या दुसऱ्या वाफ्यास दिसत नाहीत. पावसाच्या नकाशाचा वाफा निराळा, माती परीक्षणाच्या तक्त्यांचा निराळा, आणि नवे काही करून पाहण्यासाठी तिसरा. तिसऱ्यात कितीही उलथापालथ केली तरी पहिल्या दोहोंस धक्का लागत नाही.

स्वतंत्र वाफा करण्याची सोय पायथनमध्ये २०१२ सालच्या ३.३ या आवृत्तीपासूनच आहे. पण ती केवळ पायथनच्या पेट्या वेगळ्या ठेवते; प्रोज, जीडीएएल, जिऑस ही थोरली हत्यारे तिच्या हिशेबाबाहेर राहतात. ती हत्यारेही वाफ्यात धरून एकमेकांशी जुळवून देणारे साधन म्हणजे कॉन्डा. (नाव भाताच्या कोंड्याजवळचे वाटेल, संबंध काही नाही.) तेही २०१२ मधलेच. कॉन्डा प्रथम सर्व मागण्या एकत्र वाचतो, कोणती आवृत्ती कोणाशी नांदेल याचा हिशेब करतो आणि मगच एकही फाईल उतरवून घेतो. जुळत नसेल तर तसे आधीच सांगतो. बियाणे आणण्यापूर्वी उगवणशक्ती पाहावी, तशी ही खबरदारी होय.

आता पिपनेही पूर्वीइतका त्रास होत नाही, हे मान्य केले पाहिजे. शेपली, पायप्रोज आणि जिओपँडास पिपने सरळ बसतात, आणि केवळ गावच्या शिवेवर पावसाचे रंग भरावयाचे असतील तर तेवढे पुरते. जीडीएएल स्वतंत्रपणे हवे झाले, उपग्रहाची चित्रे आली, की अडते. कार्यालयात एकाहून अधिक संगणक असतील आणि सर्वांवर तेच उत्तर यावयास हवे असेल, तेथे कॉन्डा धरणे अधिक सुरक्षित.

वाफा तयार करण्याची रीत

कॉन्डा अनेक मार्गांनी मिळतो. मिनिफोर्ज या नावाचा गठ्ठा उतरवून घ्यावा. तो लहान आहे आणि कॉन्डा-फोर्ज या सामूहिक भांडारातूनच माल घेतो. अॅनाकोंडा कंपनीच्या स्वतःच्या भांडारास २०२० पासून दोनशेहून अधिक माणसांच्या संस्थांसाठी सशुल्क परवान्याची अट आहे. कॉन्डा-फोर्जला तशी अट नाही. दोन भांडारांतला माल एका वाफ्यात मिसळू नये. खटक्यांचे निम्मे कारण तेच असते.

मिनिफोर्ज बसविल्यावर एक मूळ वाफा आपोआप तयार होतो, त्याचे नाव बेस. त्यात काहीही पेरू नये. पुढील आज्ञा संगणकावर रोमन लिपीत द्याव्या लागतात, येथे उच्चार दिला आहे. ‘कॉन्डा क्रिएट’ ही आज्ञा, पुढे वाफ्याचे नाव, समजा ‘पाऊस’, आणि त्यापुढे पायथनची आवृत्ती, पँडास, जिओपँडास, रास्टेरिओ व चित्रे काढणारी मॅटप्लॉटलिब, ही सर्व नावे एकाच ओळीत लिहावीत. एकाच ओळीत, हे महत्त्वाचे आहे. आज पँडास, उद्या जिओपँडास, परवा रास्टेरिओ असे तुकड्यांनी बसविले तर प्रत्येक वेळी आधीची जुळणी हलते. काम सुरू करताना ‘कॉन्डा अॅक्टिव्हेट’ म्हणून तो वाफा उघडावा. उघडल्यानेच प्रोजला आपल्या कोशाचा खरा पत्ता मिळतो, आणि वर सांगितलेला शेजाऱ्याच्या पत्त्याचा घोटाळा टळतो. कॉन्डाच्या भांडारात नसलेली एखादी पेटी पिपने बसवावी लागली, तर ती सर्वांत शेवटी बसवावी. त्यानंतर त्या वाफ्यात पुन्हा कॉन्डाने हात घालू नये. नवे काही हवे झाल्यास वाफा मोडून पुन्हा करावा. त्यास जुना दुरुस्त करण्याहून कमी वेळ लागतो.

मोडून पुन्हा करण्यासाठी नोंद हवी. ‘कॉन्डा एन्व्ह एक्स्पोर्ट’ या आज्ञेने वाफ्याची यादी फाईलमध्ये उतरते. दोन याद्या ठेवाव्यात : एक आपण मागितलेल्या मोजक्या पेट्यांची, दुसरी प्रत्यक्षात आलेल्या सर्व पेट्यांची त्यांच्या नेमक्या आवृत्त्यांसह. पहिली दुसऱ्या जातीच्या संगणकावरही चालते. दुसरी त्याच जातीच्या संगणकावर हुबेहूब तोच वाफा उभा करते. ज्या फोल्डरमध्ये पावसाचे तक्ते आणि शिवेचा नकाशा ठेवला आहे त्यातच या याद्या ठेवाव्यात, आणि वर्ष लिहावे. पुढील वर्षी कार्यकर्त्याची बदली झाली तरी नव्या माणसास तोच नकाशा काढता येतो.

हे सारे काम वैशाखात उरकावे. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा धरता येत नाही. कॉन्डा-पॅक या साधनाने तयार वाफा एका गठ्ठ्यात बांधून पेनड्राइव्हवर ठेवता येतो आणि त्याच जातीच्या दुसऱ्या संगणकावर इंटरनेटशिवाय सोडविता येतो. एकेका वाफ्यास एखाद-दोन जीबी जागा लागते, तेवढी आधी राखून ठेवावी.

तक्त्यातील दोन बाबी

वाफा उत्तम झाला तरी तक्ता तयार करताना दोन गोष्टी पाहाव्यात. हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे पावसाची नोंद सकाळी साडेआठ वाजता, मागील चोवीस तासांची, केली जाते. २१ तारखेच्या रात्री कोसळलेला पाऊस २२ तारखेच्या रकान्यात येतो. नदीची पातळी किंवा धरणातून सोडलेले पाणी घड्याळाच्या तासाने नोंदलेले असेल, तर दोन्ही तक्ते जोडताना हा फरक पँडासला सांगावा लागतो. अन्यथा पूर पावसाच्या आधी आल्यासारखा दिसेल. दुसरी बाब गावाच्या नावाची. रोमन लिपीत अलोरे हे नाव निरनिराळ्या फायलींत निरनिराळ्या वर्णांनी लिहिलेले असू शकते, आणि संगणकास एका अक्षराचा फरकही दुसरे गाव वाटते. म्हणून तक्ता व नकाशा नावावर जोडू नयेत. गावास दिलेल्या सांकेतिक क्रमांकावर जोडावेत. क्षेत्रफळ काढण्यापूर्वी नकाशा मीटरांच्या पद्धतीत आणावा. रत्नागिरी जिल्ह्यासाठी यूटीएम ४३ उत्तर हा पट्टा लागू आहे, त्याचा संकेतांक ३२६४३. अंशांत काढलेल्या क्षेत्रफळास काही अर्थ नसतो.

शेतकऱ्याने काय पाहावे

नकाशा भिंतीवर लागला की शेतकऱ्याने त्यावर प्रथम आपली विहीर शोधावी. विहीर जागा बदलत नाही. मोबाईल हातात धरून विहिरीच्या काठावर उभे राहावे, दिसणारे अक्षांश-रेखांश कागदावर लिहून घ्यावेत आणि कार्यकर्त्यास द्यावेत. अलोरे परिसरात कोळकेवाडी धरणाची भिंत, वीजगृह आणि नदीवरील पूल ही ठिकाणेही तपासणीस सोयीची आहेत. कार्यकर्त्याने अशी चार-पाच ठिकाणे एका लहान तक्त्यात कायमची नोंदवून ठेवावीत, आणि वाफा नवा केला की मंडळांच्या पावसास हात लावण्यापूर्वी ती नकाशावर टाकून पाहावीत. ठिकाणे जागच्या जागी पडली तर पुढे जावे. सर्वच्या सर्व एकाच दिशेने शंभर-सव्वाशे मीटर सरकलेली दिसली, तर मापाच्या रूपांतरात खोट आहे असे समजावे : फाईलचे माप विचारावे, वाफा उघडला होता की नाही ते पाहावे, आणि संशय राहिल्यास यादीवरून वाफा पुन्हा तयार करून तीच ठिकाणे परत टाकावीत. एकच ठिकाण चुकले असेल तर ते लिहून घेणाऱ्याच्या हातून अंक उलटासुलटा झाला असण्याचा संभव अधिक. त्यासाठी पुन्हा विहिरीवर जावे लागेल.